साथीच्या काळात मधुमेही माणसाचे मन सांभाळताना या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली, तेव्हा माझ्या मावशीला मधुमेह होऊन सतरा वर्षे झाली होती. रोज सकाळी ग्लुकोमीटरवर साखर पाहून ती एका वहीत लिहीत असे. एप्रिल आणि मेच्या पानांवर ११२, ११८, १२४ असे आकडे ओळीने मांडलेले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्त तपासून घेतले, तेव्हा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.८ आली, म्हणजे तिची साखर सरासरी २३५ च्या आसपास राहिलेली होती. मावसभावाने मीटरची मेमरी उघडली, तर तिथे २१२, २४०, १९८ असे आकडे निघाले. मावशीने वहीत खोटे लिहिले होते, कारण रोज चहाच्या आधी तिला पहिला प्रश्न विचारला जाई तो ‘आज किती आली?’ हाच, आणि आकडा मोठा निघाला की आदल्या दिवशी काय खाल्ले याची उलटतपासणी सुरू होई.

घरच्यांनी तिला जिवापाड जपले होते. भाजी धुऊन घेतली जात होती, दाराबाहेर पाऊल टाकू दिले जात नव्हते, गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा कपाटात होता. साथीच्या काळात मधुमेही माणसाच्या घरात होणाऱ्या चुका बहुतेक वेळा अशा मायेतूनच होतात आणि म्हणूनच त्या लवकर ध्यानात येत नाहीत.

आकड्यावरून माणसाला तोलणे

भीती, अपुरी झोप आणि सततची काळजी यांमुळे शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही तणावाची संप्रेरके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे पथ्य काटेकोर पाळूनही सकाळची साखर चढलेली असू शकते. अशा वेळी जिभेवर ताबा नसल्याचा ठपका ठेवला, तर माणूस आधी दुखावतो, मग लपवू लागतो आणि शेवटी साखर तपासणेच सोडून देतो. सकाळी आधी झोपेची चौकशी करावी. वहीत आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि आदल्या दिवशी काय घडले, कोणाशी बोलणे झाले, मन कसे होते, हे त्यात लिहू द्यावे. तीन-चार दिवस आकडा चढाच राहिला, तर डॉक्टरांना फोन करावा. घरातल्या घरात खटला चालवू नये.

रोजची टोचणी, गोळ्या, पथ्य आणि पुढे काय होईल याची धास्ती यांनी येणाऱ्या थकव्याला डॉक्टर ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. तो नैराश्याहून वेगळा असतो आणि मोकळेपणाने बोलल्याने व उपचार थोडे सुटसुटीत केल्याने बराच हलका होतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिले, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, झोप आणि भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर तज्ज्ञांचे उपचार घ्यायला हवेत. ‘जगून काय करायचे’ असे शब्द कानी आले, तर दोन आठवडे वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

घाबरणे आणि साखर उतरणे यांची गल्लत करणे

हातपाय थरथरणे, दरदरून घाम फुटणे, छातीत धडधडणे ही लक्षणे घाबरल्यावर होतात आणि साखर उतरल्यावरही होतात. साथीच्या बातम्यांनी सगळे घर धास्तावलेले असताना ‘मनाला लावून घेऊ नका, शांत पडून राहा’ असे सांगून साखर उतरलेल्या माणसाला झोपवणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे. आधी बोट टोचून पाहावे. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर साखरेचे तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून प्यायला द्यावेत आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. आकडा नीट असेल, तर ती भीती आहे असे समजून शेजारी बसावे आणि टीव्ही बंद करावा.

‘देव काय देवळातच असतो का?’ असे म्हणून मोकळे होणे

मावशीचे भजनी मंडळ दर मंगळवारी संध्याकाळी देवळात जमत असे. जाता-येता वीस मिनिटांचे चालणे, दीड तास टाळ आणि गाणे, मग पायरीवर बसून सुनांच्या, गुडघ्यांच्या आणि साखरेच्या गप्पा, असा तिचा आठवडा त्या एका संध्याकाळभोवती बांधलेला होता. देवळे बंद झाली आणि हे सगळेच एका दिवसात थांबले. महाराष्ट्रातली देवळे त्यानंतर उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. घरात देव्हारा आहे, तिथेच हात जोड, हे सांगणे चुकीचे नव्हते. पण तिचे काय हरवले होते, ते त्या सांगण्यात कुठेच नव्हते.

म्हणून वेळ आणि माणसे, या दोन गोष्टी शक्य तितक्या जपाव्यात. मंगळवारची संध्याकाळ मंगळवारचीच ठेवावी, त्याच बायकांना फोनवर एकत्र आणून द्यावे आणि त्या वेळी घरच्यांनी आवाज कमी करा म्हणू नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात नामस्मरण करत चालले, तर जेवणानंतर चढणारी साखरही आटोक्यात राहायला मदत होते. नमाज, चर्चमधली प्रार्थना किंवा बुद्धवंदना यांनाही हेच लागू आहे. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याचाही कट्टा आणि बागेतली चक्कर सुटलेली असते. त्याचीही तितकीच दखल घ्यावी.

नवस आणि उपास डॉक्टरांपासून लपवणे

संकटात माणूस काहीतरी सोडतो, काहीतरी पाळतो. मुलगा रुग्णालयात असताना आईने गुरुवार धरले, तर तिला अंधश्रद्धाळू म्हणू नये, कारण तेवढेच तिच्या हाती असते. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशी राहिल्यास साखर धोकादायक उतरते, आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास ती झपाट्याने चढते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेत असताना उपास किंवा आजारपण आले, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. म्हणून व्रत धरण्याआधी डॉक्टरांना सांगावे, डोस स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि जमत नसेल तर उपासाऐवजी जप किंवा अन्नदान करावे. रमजानच्या रोज्यातूनही आजारी माणसाला सवलत आहे.

‘मागच्या जन्मीचे भोग’ किंवा ‘श्रद्धा असेल तर गोळ्या कशाला’ ही वाक्ये मधुमेही माणसासमोर कधीही उच्चारू नयेत. काढ्यात गूळ घालताना तो कोणासाठी उकळतो आहे, हे पाहावे.

शोकाला जागा न देणे

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत अखेरचे दर्शन झाले नाही, दहाव्याला चार माणसे जमली नाहीत. जे मधुमेही स्वतः कोरोनातून उठले, त्यांची साखर स्टेरॉइडमुळे चढलेली होती, काळ्या बुरशीची दहशत होती आणि ‘मी वाचले, ते गेले’ हा सल आत होता. अशा माणसाला ‘आता तब्येतीकडे बघा’ असे सांगितले, की त्याचे बोलणे तिथेच थांबते. गेलेल्या माणसाबद्दल बोलू द्यावे, राहून गेलेला विधी वर्षश्राद्धाला का होईना, मनासारखा करू द्यावा आणि डॉक्टरांकडे गेल्यावर घरात मृत्यू झाल्याचे आवर्जून सांगावे, कारण औषधांचे प्रमाण ठरवताना त्यांना ते ठाऊक असायला हवे.

मावशीच्या वहीत दुसरा रकाना जूनमध्ये सुरू झाला. ३० जून २०२० च्या सकाळी आकडा १४६ आहे. त्या दिवशी, वारीच्या इतक्या वर्षांच्या पायी वाटेऐवजी, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी, आषाढी एकादशीला, आकडा २०४ आहे आणि शेजारी तिने लिहिले आहे: ‘पादुका टीव्हीवर पाहिल्या. फार रडू आले. झोप नाही.’ डॉक्टरांनी फोनवर ते पान वाचून घेतले, गोळी वाढवली नाही आणि तिला विचारले, ‘आज कोणाशी बोललात का?’