भावंडांमधला अबोला सोडवताना या चुका टाळा

आई-वडील गेले की वाटणी होते आणि पुष्कळ घरांत वाटणीपाठोपाठ अबोला येतो. निमित्त काहीही असतं: शेताचा बांध, वाड्यातली एक खोली, आईच्या पाटल्या. काही वर्षं गेली की मन मऊ होतं, कुणीतरी पुढाकार घेतं, आणि नेमकं तिथेच बिनसतं.

माफी मागतानाची पळवाट

“तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.” या वाक्यात चूक कुणाची? वाईट वाटून घेणाऱ्याची! “मी चुकलो, पण तूही…” यातलं ‘पण’नंतरचं तेवढं समोरच्याच्या लक्षात राहतं.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक लोकांसमोर ठेवून तपासले. सगळ्यात जास्त परिणाम झाला तो ‘चूक माझी होती’ या कबुलीचा, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याच्या तयारीचा. ‘मला माफ कर’ ही विनंती सर्वांत तळाला होती. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. हात जोडले जातात, डोळे पाणावतात, आणि नेमकं काय केलं ते कुणी उच्चारतच नाही. त्याऐवजी प्रसंग सांगा: “बाबांच्या आजारपणाचा सगळा खर्च तू केलास आणि मी चारचौघांत तुझ्याकडे हिशोब मागितला. ते चुकलंच.” एवढं बोलून थांबा.

हे वाक्य तोंडी येत नसेल तर आधी कागदावर उतरवा. लिहिताना कळतं, की पाटल्यांवरून आलेला राग बहुधा पाटल्यांचा नसतो. शिक्षणासाठी पुण्याला कुणाला पाठवलं आणि म्हाताऱ्यांपाशी कोण राहिलं, इथपर्यंत तो मागे जातो. ते न ओळखता भेटलात तर दहा मिनिटांत पुन्हा पाटल्यांवर याल.

वेळ चुकणं

तेराव्याची पंगत, लग्नाचा मांडव, फॅमिलीचा व्हॉट्सॲप ग्रुप. या जागा टाळा, तिथे प्रेक्षक असतात. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर संपवून, फोन हातात पडताच नात्यातल्या सगळ्यांना क्षमा करत सुटणारेही असतात. त्यांनी घरी येऊन आठवडाभर दम धरावा.

माफी आणि सही एकाच बैठकीत

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही गोष्ट. बहिणीला बोलावतात, “झालं गेलं गंगेला मिळालं” म्हणतात, साडी नेसवतात आणि चहा संपायच्या आत हक्कसोडपत्र पुढे करतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती केली, २००५ मध्ये ती देशभर झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. त्यामुळे बहिणींनो, भावाला मनापासून माफ करून हिस्सा आपल्याकडे ठेवता येतो. आणि सोडायचाच असेल तर वकिलाला कागद दाखवून, सवडीने सोडा. भावांनी निदान त्या दिवशी तरी कागद घरी ठेवावेत.

माफ केलं म्हणजे जाणं-येणं सुरू?

तसं नाही. क्षमेवर अनेक वर्षं संशोधन करणारे विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट क्षमा आणि समेट वेगळे मानतात: क्षमा एकट्यालाही करता येते, समेटाला दोघं लागतात. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर “मोठ्यांनी मोठेपणा घ्यावा” हा सल्ला ऐकू नका. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

उत्तर आलं नाही तर

रोज फोन लावू नका, मामांना मध्यस्थ करू नका. सणाला एक साधा मेसेज, भाचीच्या निकालाची चौकशी, बस. भेट ठरलीच तर पहिल्या वेळी तासाभरात उठा आणि सातबाऱ्याचा विषय काढू नका, समोरून निघाला तरी “त्यासाठी वेगळं बसू” म्हणा.