रुबीत वेळापत्रकं लिहिताना या चुका टाळा

'दर शनिवारी सकाळी दहाला' हे पोराटोरांनाही कळतं, म्हणून ते रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडमध्येही सहज उतरेल असं नव्या मंडळींना वाटतं. मग वेळापत्रकं सांभाळणारं 'आइस क्यूब' जेम (रुबीतला तयार कोडचा गठ्ठा) टाकायचं, त्याच्या रीडमीतला, म्हणजे माहितीपत्रातला, पहिला नमुना चिकटवायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी पुल रिक्वेस्ट (कोड तपासून सामील करायची विनंती) मोकळी. जेम उत्तम आहे, मी बरीच वर्षं वापरतोय. पण दहा म्हणजे कुणाच्या घड्याळातले दहा, हे त्याला तुम्हीच सांगावं लागतं.

सगळं यूटीसीत टाकलं की झालं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. घडून गेलेल्या गोष्टींसाठी यूटीसी, म्हणजे जगभराची एकच प्रमाण वेळ, ठीक आहे: पैसे कधी भरले, लॉगिन कधी झालं. पुढे पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी नाही.

न्यू जर्सीतल्या मुलांना पुण्याहून ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या एका वर्गाची प्रणाली माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. वर्ग शनिवारी, तिथल्या सकाळी दहाला. आधीच्या टीमने उन्हाळ्यात नियम बनवला आणि दहाचे यूटीसी 14:00 करून साठवले. पुण्यात बाई संध्याकाळी साडेसातला बसायच्या, सगळं सुरळीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली. पुढच्या शनिवारी बाई साडेसातलाच हजर, मुलं मात्र साडेआठला उगवली. तोवर कंटाळून बाईंनी वर्ग बंद केला होता आणि पालकांच्या ग्रुपवर रणकंदन माजलं होतं.

यावर कुणीतरी जुगाड केला: महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर एक तास मिळवा. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला पुन्हा तोच गोंधळ. त्यात लंडनची तुकडी सुरू झाली. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जुगाडावर जुगाड चढत गेला आणि शेवटी त्या फाइलला हात लावायला कुणी धजेना.

मी ते सगळं उडवलं. वर्ग न्यू जर्सीच्या घड्याळाचा आहे, म्हणून स्थानिक वेळ '10:00' आणि झोनचं पूर्ण नाव 'अमेरिका/न्यू यॉर्क' अशा दोन गोष्टी साठवल्या. 'वजा पाच तास' हे झोनचं नाव नव्हे. शेड्यूलची सुरुवात रेल्सच्या (रुबीतल्या वेब फ्रेमवर्कच्या) झोनवाल्या वेळेने करा, नुसत्या 'टाइम डॉट नाऊ'ने नको. सर्व्हर यूटीसीत चालत असेल तर त्या वेळेला न्यू यॉर्कचा पत्ताच नसतो. आणि माझी सवय म्हणून सांगतो, नियमाआधी टेस्ट लिहितो: फेब्रुवारी, एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबरमधला एकेक शनिवार, चारही वेळा तिथले दहाच वाजले पाहिजेत. भारतात घड्याळं बदलत नाहीत म्हणून आपल्याकडचे डेव्हलपर ही टेस्ट हमखास गाळतात.

दुसरा आणि चौथा शनिवार

1 सप्टेंबर 2015 पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. 'म्हणजे एकाआड एक शनिवार' असं म्हणून साप्ताहिक नियमाला इंटरव्हल (दर किती आठवड्यांनी) दोन देणारे मी इतके पाहिलेत की आता बोलतही नाही, थेट ऑगस्ट 2025 उघडून दाखवतो. त्या महिन्यात पाच शनिवार होते. 9 आणि 23 बरोबर येतात, पण नंतर तुमचा नियम 6 आणि 20 सप्टेंबर म्हणतो, बँक 13 आणि 27 ला बंद. हा मासिक नियम आहे: 'डे ऑफ वीक'मध्ये शनिवार, दोन आणि चार. एका ओळीचं काम.

महिनाअखेर

31 जानेवारीत रेल्सचा एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी येतो (लीप वर्षात 29). त्यात आणखी एक मिळवा, 28 मार्च. हप्ता कायमचा 28 ला चिकटला. दर वेळी मूळ तारखेपासून मोजा. आइस क्यूबमध्ये 'डे ऑफ मंथ' 31 दिलात, तर फक्त 31 दिवसांचे महिने लागतात, म्हणजे वर्षाला सात हप्ते. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर वजा एक द्या.

पटापट काही

सुरुवातीची वेळ न देता शेड्यूल बनवलं की आत्ताची वेळ धरली जाते, आणि मग कार्यक्रम रोज 10:03:27 ला.

न संपणाऱ्या नियमाला 'ऑल ऑकरन्सेस' विचारू नका, एरर येते. दोन तारखांमधलं मागा.

रद्द केलेल्या वेळा नेमक्या वेळेशी जुळवल्या जातात. वर्ग दहाचा साडेदहाला नेलात तर जुन्या सुट्ट्या पुन्हा भरा, नाहीतर दिवाळीतही वर्ग दिसेल.

आइस क्यूबचा आठवडा रविवारी सुरू होतो, आयकॅलेंडरचा (कॅलेंडरं एकमेकांना तारखा देतात त्या मानकाचा) सोमवारी. 'दर दोन आठवड्यांनी मंगळवार आणि रविवार' इथे दोघांच्या तारखा वेगळ्या पडतात.

पाच वर्षांच्या तारखा आधीच टेबलात ओतून ठेवू नका. तारखांऐवजी 'हा दिवस यात बसतो का?' याचं उत्तर देणारा नियम साठवावा, हे सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी 1997 मध्येच मांडलं होतं आणि रुबीतलं जुनं 'रंट' जेम त्यावरच उभं आहे. ओळ टेबलात तेव्हाच जावी, जेव्हा त्या दिवशी खरंच काही घडतं: हजेरी, रद्द, बदली शिक्षक.

आणि संकष्टी

देवस्थानाच्या ॲपमध्ये संकष्टीला 'दर 29 दिवसांनी' लावलेलं पाहिलं आणि हात जोडले. चतुर्थी चंद्रोदयावर ठरते, ती कुठल्याही इंटरव्हलमध्ये बसत नाही. इथे नियम लिहायचा हट्ट सोडा. पंचांगातून वर्षभराच्या तारखा घ्या आणि एकेक करून 'ॲड रिकरन्स टाइम'ने भरा. अंगारकी वेगळी साठवायची गरज नाही, त्यातले मंगळवार गाळून घेतले की झालं. पुढच्या वर्षीच्या तारखा भरायची आठवण मात्र लावून ठेवा. तिला साधा वार्षिक नियम चालतो.