नळाचं पाणी दूषित आलंय असं कळलं तर घरात काय काय करायचं

आमच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात चार घरांत कावीळ निघाली. पाणी एकदम नितळ, कुणाला शंका पण आली नाही. मग शोधता शोधता सापडलं की पाइपलाइन पऱ्यातून (छोट्या ओढ्यातून) जाते तिथला जॉइंट सुटलेला, म्हणजे पाणी सोडतात तेव्हा तिथून गळायचं आणि बंद केलं की रिकामा होणारा पाइप पऱ्याचं घाण पाणी आत ओढून घ्यायचा, आणि सकाळी नळाला पहिलं तेच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, नितळ दिसतं म्हणून पिऊ नका. आणि हेपॅटायटिस ए ची कावीळ पाणी पोटात गेल्यावर साधारण २ ते ७ आठवड्यांनी दिसते, म्हणजे घरात पहिला पेशंट कळेपर्यंत बाकीच्यांनी पण तेच पाणी पिऊन झालेलं असतं.

ग्रामपंचायतीकडून किंवा आशाताईंकडून कळलं की लगेच उकळायला घ्या, पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका. खळखळून उकळी फुटली पाहिजे, बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करतात ते चालत नाही. उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरतं, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळा आणि मगच उकळा. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे घरातल्या मोठ्या माणसांना शांतपणे सांगायला लागतं कारण त्यांनी आयुष्यभर तेच केलेलं असतं.

खरी गडबड होते ती उकळल्यानंतर. लवकर निवावं म्हणून त्यात गार पाणी ओततात, नाहीतर कच्च्या पाण्यानं विसळलेल्या कळशीत काढतात, नाहीतर माठात हातासकट तांब्या बुडवतात, मग उकळून उपयोग काय झाला? ज्या टोपात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या, तोटीचा पिंप असेल तर उत्तम, नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि रोजचं पाणी रोज उकळा.

प्यायच्या पाण्याचं लक्षात राहतं पण सोलकढी, कोकम सरबत, बर्फ, ताक, कोशिंबिरीची काकडी धुतलेलं पाणी, दात घासून भरलेली चूळ, बाळाची दुधाची बाटली, हे सगळं राहून जातं. गणपतीत घरात पंधरा-वीस माणसं असतात तेव्हा रात्रीच दोन मोठे टोप उकळून ठेवा. आमटी-भात शिजतोच, त्याची काळजी नाही. आंघोळ चालते, फक्त पोरांच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका. भांडी घासून पूर्ण वाळू द्या.

प्युरिफायर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यूव्हीवाला गढूळ पाण्यात नीट काम करत नाही, किरण गाळातून जातच नाहीत.

उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला आणि अर्धा तास थांबा. टाकीत किंवा विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची तर चांगल्या पावडरीचं माप १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. कोरडी पावडर वरून भुरभुरवू नका, बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळीच टाका, आणि तासभर ते पाणी वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर लवकर मरते, वास गेलेली असेल तर कितीही टाका काही होत नाही. आणि टॉयलेट क्लीनरशेजारी ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू सुटतो. जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला सांगा, पाणी पिवळं झालं की क्लोरीन उरलाय, आणि ती टेस्ट टाकीजवळ नाही तर पाइपलाइनच्या शेवटच्या घरी करायला लावा, कारण क्लोरीन तिथंच पोचत नाही.

विहीरवाल्यांनी पण बघा, शोषखड्डा किमान १५ मीटर लांब हवा, आणि आपल्या जांभ्या दगडात भेगा-पोकळ्या एवढ्या असतात की मी तर म्हणेन जितका लांब तितका बरा.

जुलाब सुरू झाले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका, ते लहान मुलाला घातक आहे. मीठ घातलेली पातळ पेज पण चालते, अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब पेजेच्या निवळीसारखे पांढरे होत असतील, डोळे खोल गेले, लघवी थांबली, रक्त पडलं, पोर सुस्त झालं तर गावठी औषधाच्या मागे न लागता सरळ आरोग्य केंद्र गाठा. घरात गरोदर बाई असेल आणि डोळे पिवळे वाटले तर एक दिवस पण थांबू नका, हेपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो.

पाणी चांगलं झाल्याचा रिपोर्ट आला तरी सगळे नळ थोडा वेळ मोकळे सोडा, टाकी रिकामी करून घासा, फ्रीजमधला जुना बर्फ टाका, प्युरिफायरची कँडल बदला आणि माठ घासून एक दिवस कडक उन्हात वाळवा.