इंग्रजीची पातळी कशी ठरवायची: ‘इंटरमीडिएट’ म्हणून सुटका नाही

‘माझं इंग्रजी इंटरमीडिएट आहे’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कशात? वाचण्यात, ऐकण्यात, की समोरच्याशी वाद घालण्यात? बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. शिकवणाऱ्यांनीही नाही, हे जास्त वाईट.

आधी मोजपट्टी एकच धरा: सीईएफआर, म्हणजे भाषेची पातळी ठरवायची युरोपीय चौकट. कौन्सिल ऑफ युरोपने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या खालून वर सहा पायऱ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. २०२० च्या पुरवणी खंडात ए१ च्या खालचीही एक पायरी आली. व्याकरणाचे किती धडे झाले याच्याशी या पट्टीला देणंघेणं नाही; त्या भाषेत माणूस काय करू शकतो, एवढंच ती विचारते.

मग याच मोजपट्टीचा स्वमूल्यमापनाचा तक्ता घ्या. तो फुकट मिळतो. ऐकणं, वाचणं, संभाषण, सलग बोलणं आणि लिहिणं अशा पाच गोष्टी त्यात वेगवेगळ्या तपासायच्या असतात. प्रत्येकीसमोर वेगळं अक्षर आलं तर घाबरू नका. उलट पाचही ठिकाणी एकच अक्षर आलं, तर तक्ता घाईत भरलाय असं मी समजते.

वीस मिनिटांची ऑनलाइन चाचणी हवी तर द्या. पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येतं का, एवढंच ती सांगते.

आता खरी अडचण. बी१ आणि बी२ मधली सीमारेषा, आणि तीही बोलण्यातली. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याला लेखी चाचणीच्या गुणांवर मी बी२ च्या वर्गात बसवलं. स्वतःची ओळख त्याने अशी घडाघडा करून दिली की माझी शंकाच फिटली. पहिल्याच गटचर्चेत तो गप्प. दुसऱ्या आठवड्यात यायचाच बंद झाला. ती ओळख त्याने पाठ केली होती, आणि मी पाठांतराला पातळी दिली होती.

तेव्हापासून मी ओळख करून द्यायला सांगतच नाही. पंधरा मिनिटं बोलते आणि ते रेकॉर्ड करते. पहिली पाच मिनिटं ओळखीचे विषय: रोजचं काम, प्रवास, आवडीनिवडी. बी१ चा माणूस इथे छान चालतो, म्हणून या भागावरून काहीच ठरवायचं नाही. मग एखादा वादाचा मुद्दा द्यायचा, उदाहरणार्थ घरून काम करणं बरं की कार्यालयात जाऊन. एक बाजू मांडू द्यायची, मध्येच थांबवायचं आणि म्हणायचं, आता याच्या उलट बाजूने बोला. इथे रुळ बदलतो, आणि इथेच पातळी कळते.

कान कशाकडे द्यायचा? चुका मोजू नका, उच्चारांच्या ढंगाकडे तर बघूच नका. बी२ चा माणूसही चुकतो. पण त्याच्या चुकीमुळे गैरसमज होत नाही आणि बऱ्याचदा तो स्वतःच ती सुधारतो. ऐकायचे असतात ते थांबे. बी१ चा बोलणारा सलग बोलू लागला की शब्द आणि वाक्यरचना शोधताना थबकतो, आणि ते स्पष्ट जाणवतं. बी२ चाही अडखळतो, पण लांबलचक थांबे थोडे. फायदे-तोटे सांगत तो आपलं म्हणणं पुढे रेटतो. एक धोका मात्र ध्यानात ठेवा: काही माणसं मातृभाषेतही विचार करून, सावकाश बोलतात. त्यांना खाली ढकलू नका. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुद्दा देऊन पुन्हा ऐका.

तरीही ठरत नसेल तर बी१+ लिहा. ही अधिकची पायरी त्याच मोजपट्टीत आहे, मी काढलेली पळवाट नाही.

निकाल एका अक्षरात कधीच देऊ नका. ‘वाचन बी२, ऐकणं बी१, संभाषण ए२+’ असं लिहिलं तर शिकवणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं. आणि सी२ म्हणजे मातृभाषकासारखं बोलणं, हा समज काढून टाका. मोजपट्टीत तसं म्हटलेलं नाही.

‘तीन महिन्यांत दोन पायऱ्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे अगदी पहिल्या धड्यापासून धरलं तर बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६०० आणि सी१ ला ७०० ते ८०० तास मार्गदर्शित अभ्यास लागतो. आठवड्याला पाच तास दिले, तर बी१ ते बी२ या एकाच टप्प्याला साधारण तीस-चाळीस आठवडे. वर जावं तशी पायरी उंच होते.

परीक्षेचे आकडे शेवटी जुळवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ५.५ ते ६.५ बँड (तिथले गुण) म्हणजे ढोबळमानाने बी२, ७ ते ८ म्हणजे सी१. जिथे अर्ज करायचाय तिथे एकूण गुणांबरोबर प्रत्येक कौशल्याची वेगळी किमान अट आहे का, ते फी भरण्याआधी वाचा. एकूण ७ मिळूनही लेखनातल्या अर्ध्या बँडसाठी अडकलेले बरेच पाहिलेत मी.

आणि ते रेकॉर्डिंग पुसू नका. शंभर-दीडशे तासांनी नवा मुद्दा देऊन पुन्हा बोलायला लावा आणि दोन्ही लागोपाठ ऐकवा.