हुरड्याचा हंगाम: शेताला पेलतील तेवढेच पाहुणे

रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्याभरात उरकायची असते. डिसेंबर-जानेवारीत हुरड्यासाठी शेतावर पाहुणे बोलवायचे असतील, तर त्याची तयारीही याच महिन्यात होते. बरेच जण आधी खोल्या आणि कमान बांधतात, जाहिरात करतात आणि ऐनवेळी हुरडा बाजारातून आणतात. असं केंद्र एक-दोन वर्षं चालतं, मग ते नुसतं हॉटेल होतं आणि शेती मागे पडते. इटलीने 1985 साली कृषी पर्यटनाचा कायदा केला, तेव्हाच शेती मुख्य आणि पर्यटन तिला जोडून, हे सूत्र धरलं. आपल्या राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली नसेल तर हंगामाआधी करून घ्यावी.

वाण निवडताना खास हुरड्याचेच घ्यावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले उत्तरा’ 90 ते 100 दिवसांत आणि ‘फुले मधुर’ 95 ते 100 दिवसांत हुरड्यावर येतो. गावात गुळभेंडी किंवा सुरतीचं जुनं बियाणं कुणी जपलं असेल, तर थोडं तेही पेरा. चवीतला फरक पाहुण्यांना दाखवता येतो आणि बियाणंही टिकतं. एकाच प्लॉटवर हुरडा जेमतेम आठवडाभर चांगला राहतो, पुढे दाणा टणक होतो. म्हणून पेरणी एकदम न करता दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार टप्प्यांत करावी. सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेला प्लॉट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि शेवटचा जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत पुरतो. काणी हा कणसावरचा बुरशीचा रोग रोखण्यासाठी किलोभर बियाण्याला 300 मेशच्या गंधकाची 4 ग्रॅम पूड चोळावी.

क्षेत्र किती लागेल? 45 बाय 15 सेंटीमीटरवर पेरल्यास गुंठ्यात सुमारे 1500 ताटं बसतात. खोडमाशी, पाखरं आणि नांगे (न उगवलेल्या मोकळ्या जागा) धरून हजार कणसं हाती येतील असं समजा. माणशी पाच कणसं धरली तरी एका गुंठ्यात दोनशे जणांचं भागतं. म्हणजे प्रत्येक टप्प्याला दोन-तीन गुंठे पुष्कळ झाले, बाकीचं रान धान्याला आणि कडब्याला मोकळं राहतं. पाहुण्यांचा आकडा कणसांवर ठरत नाही, तो पाण्यावर, संडासांवर आणि घरच्या हातांवर ठरतो. एका आगटीभोवती दहा-बारा माणसं नीट बसतात आणि कणसं भाजून चोळून द्यायला दोन माणसं गुंततात. आपल्याकडे किती आगट्या सांभाळणारी माणसं आहेत ते मोजा आणि त्यापुढचं बुकिंग घेऊ नका.

पाण्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आत खोल असा छोटा तलाव बांधला, तरी त्यात 60 हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे हजारावर माणसांच्या एका दिवसाचं. सोलापूर, बीड, अहिल्यानगरच्या ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे बोअरच्या पाण्यावर तरणतलाव आणि रेन डान्स चालवणं मला अजिबात पटत नाही. शेजाऱ्याची विहीर त्याच पाझरावर असते. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर पिकाला पाणी देताना पाटात खेळू द्या. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी कर्दळीतून केळीला सोडावं. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.

हुरड्याच्या प्लॉटवर कणसं निसवल्यानंतर रासायनिक फवारणी करू नका, कारण ते कणीस पाहुणा भाजून तसंच खाणार आहे. मावा दिसला तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. पाखरांसाठी नायलॉनची जाळी किंवा चमकत्या फिती लावण्यापेक्षा माळ्यावर (मचाणावर) राखण ठेवलेली बरी. हिवाळ्यात भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे येतात. त्या दाणे खातात तशा टोळ आणि अळ्याही खातात. बांधाकडच्या चार ओळी त्यांच्यासाठी सोडल्या, तर पहाटे थवा पाहायला येणारा पाहुणा मुक्कामाला थांबतो.

कणसं काढलेली ताटं जनावरांना चालतात. मात्र कापलेल्या बुडख्यांना येणारे कोवळे फुटवे आणि पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी विषारी असते. शहरातली मुलं हौसेने दिसेल ते उपटून शेळीला घालतात, म्हणून चारा आपणच काढून त्यांच्या हातात द्या. बैलगाडीत बैलांना झेपतील तेवढीच माणसं बसवा आणि दुपारी बैलांना सावलीत बांधा. विहिरीला कठडा हवा. आगटीजवळ लहान मुलांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा.

गावाला यातून काय मिळतं, हे पहिल्या वर्षीच ठरवा. भाकरी, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, पिठलं हे काम गावातल्या बचत गटाला द्या आणि रोजचा हिशोब रोज चुकता करा. दही, गूळ, बोरं, हरभऱ्याचे डहाळे शेजाऱ्यांकडून बाजारभावाने घ्या. गाड्या आपल्या रानात लावा, कारण याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. खुरपणाऱ्या बायांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका. ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहायला पाहुण्यांना नेणं तर साफ टाळा, ते त्यांचं घर आहे. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद असतो. माझ्या मते हुरड्याला तो दिवसाही नको. जेवण पळसाच्या पत्रावळीवर द्या आणि प्लास्टिकचे पेले फाटकातच थांबवा. या सगळ्या अटी बुकिंग घेतानाच फोनवर सांगितल्या की पुढे वाद होत नाहीत.

हुरडा संपला की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विहिरीची पातळी मोजून वहीत लिहा. ती गेल्या वर्षापेक्षा खाली असेल तर मार्चपासून मुक्कामाचं बुकिंग बंद करून फक्त दिवसाच्या भेटी ठेवा. तोवर मिळालेल्या पैशातून आधी जुनी देणी फेडावीत. नवी खोली बांधायचा विचार पुढच्या पावसाळ्यानंतर, विहीर किती भरली ते पाहून करावा.