फोरट्रानमधील पूरगणित हॅस्केलमध्ये नेताना

कराडकडून येणारा कृष्णेचा पूर सांगलीच्या आयर्विन पुलाशी केव्हा आणि किती पोहोचेल, हे मस्किंगम पद्धतीने (नदीच्या एका टप्प्यात वरून येणाऱ्या पाण्यावरून, म्हणजे आवकेवरून, खालून निघणारे पाणी, म्हणजे जावक, काढण्याची रीत) काढणारा जुना फोरट्रान प्रोग्राम हॅस्केल या फंक्शनल शैलीच्या, म्हणजे फंक्शने जोडून प्रोग्राम रचणाऱ्या, भाषेत न्यायचा असेल, तर पहिल्या ओळीपासून रूपांतराला बसू नये. आधी तो आहे तसा चालवून त्याचे सर्व आकडे फाइलमध्ये जपावेत, कारण पुढचे प्रत्येक पाऊल त्यांच्याशीच ताडायचे आहे.

मग लपलेली स्थिती शोधावी. फोरट्रानची सबरूटीन (प्रोग्रामचा नाव दिलेला उपभाग) तिला दिलेल्या आर्ग्युमेंटांखेरीज कॉमन ब्लॉकमधूनही, म्हणजे अनेक सबरूटीनांच्या सामाईक मेमरीतूनही, मूल्ये घेते आणि बदलते. हॅस्केलच्या शुद्ध फंक्शनला, म्हणजे केवळ दिलेल्या मूल्यांवरून उत्तर काढणाऱ्या फंक्शनला, हे चालत नाही. म्हणून प्रत्येक सबरूटीन काय वाचते आणि काय बदलते, याची कागदावर यादी करावी. माझ्या मते निम्मे काम इथेच होते.

त्यानंतर प्रत्येक डू लूपपाशी (त्याच ओळी फेऱ्यांनी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) थांबून पाहावे, की एका फेरीतून पुढच्या फेरीत काय जाते. काहीच जात नसेल तर मॅप पुरतो; तो यादीतल्या प्रत्येक आकड्यावर एकच फंक्शन स्वतंत्रपणे चालवतो. केवळ शेवटची बेरीज हवी असेल तर यादी गुंडाळत एकच उत्तर देणारा फोल्ड वापरावा, आणि तोही काटेकोर, म्हणजे प्रत्येक पायरी लगेच सोडवणारा, नाहीतर लेझी इव्हॅल्युएशनमुळे (गरज पडेपर्यंत गणित लांबवण्याची हॅस्केलची रीत) न सोडवलेल्या बेरजा मेमरीत साचत जातात. मधली प्रत्येक किंमत हवी असेल तर स्कॅन, म्हणजे मधली उत्तरेही यादीत ठेवणारा फोल्ड, लागतो, आणि मस्किंगमचे गणित नेमके या प्रकारचे आहे: नवी जावक ही चालू आवक, मागील आवक आणि मागील जावक यांना तीन गुणकांनी गुणून येणारी बेरीज असते. उदाहरणापुरते के (टप्पा ओलांडायला पुराला लागणारा वेळ) १२ तास, एक्स (आवक आणि जावक यांना किती वजन द्यायचे ते ठरवणारा आकडा) ०.२ आणि कालांतर ६ तास धरल्यास गुणक अनुक्रमे ०.०४७६, ०.४२८६ आणि ०.५२३८ येतात, त्यांची बेरीज १ भरलीच पाहिजे. आवक १०० वरून २०० झाली आणि मागील जावक १०० असेल, तर नवी जावक १०४.७६ येते. हॅस्केलमध्ये आवकेची यादी आणि पहिला आकडा वगळलेली तीच यादी झिप करून, म्हणजे दोन्ही याद्यांतले त्या त्या जागेचे आकडे एकत्र घेऊन, जोड्या कराव्यात, आणि आरंभीची जावक देऊन त्यांवर स्कॅन चालवावा. (फोरट्रानच्या १९५७ च्या कंपायलरमागील चमूचे प्रमुख जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात फंक्शनल शैलीचा आग्रह धरला होता.)

खरा धोका मात्र क्वचितच दिसणाऱ्या फरकांत असतो. उणे ७ ला २ ने भागल्यास फोरट्रानचा पूर्णांक भागाकार उणे ३ देतो, तर हॅस्केलचे डिव्ह हे भागाकाराचे फंक्शन उणे ४ देते; तिथे फोरट्रानसारखेच उत्तर देणारे क्वॉट वापरावे. जवळच्या पूर्णांकात बदलताना फोरट्रानचा निंट २.५ चे ३ करतो, हॅस्केलचा राउंड २ करतो. फोरट्रान द्विमितीय ॲरे स्तंभागणिक साठवतो, त्यामुळे आकडे वाचताना क्रम तपासावा.

मोठ्या मॅट्रिक्स सोडवणारा भाग लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या तयार फोरट्रान लायब्ररीवर चालत असेल, तर तो बदलू नये. सी भाषेच्या इंटरफेसमधून हॅस्केलला तो थेट बोलावता येतो.