बेस कोचने कुठे उभं राहायचं? या चुका टाळा

पुण्यात कुठल्याही ग्राउंडवर बेसबॉलची मॅच बघायला गेलात की एक सीन हमखास दिसतो. बॅटिंग टीमचा थर्ड बेस कोच (तिसऱ्या बेसजवळ उभं राहून बेसवरून पळणाऱ्या आपल्या रनरला इशारे देणारा) पहिल्या इनिंगला शहाण्यासारखा आपल्या जागेवर असतो, तिसऱ्या इनिंगपर्यंत चार पावलं पुढे आलेला असतो आणि मॅच टाइट झाली की जवळजवळ होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या, शेजारीच उभा राहून बॅटरला "अरे खांदा खाली घे, खांदा" सांगत असतो. त्याला तरी काय बोलणार, आपल्याकडे बहुतेक जण क्रिकेटमधून आलेले, तिथे कोच बाउंड्रीबाहेर खुर्ची टाकून कुठेही बसला आणि कितीही ओरडला तरी कोणाला काही पडलेलं नसतं. बेसबॉलमध्ये मात्र कोच बॉल चालू असताना प्रत्यक्ष मैदानात असतो, त्यामुळे त्याच्या जागेला नियम आहे आणि तो मोडला तर कधी नुसती वॉर्निंग मिळते, तर कधी चक्क आपलाच रनर आउट होतो.

आधी बॉक्सचं बघू. फर्स्ट आणि थर्ड बेसजवळ, फाउल लाइनच्या (होम प्लेटपासून फर्स्ट आणि थर्डवरून जाणाऱ्या रेषेच्या) बाहेर, लाइनपासून 15 फूट सोडून 20 फूट लांब आणि 10 फूट रुंद असा कोचेस बॉक्स आखायचा असतो. आता खरं सांगायचं तर आपल्याकडे फक्की पडते ती फाउल लाइनवर आणि बॅटर्स बॉक्सवर, कोचेस बॉक्सपर्यंत येईस्तोवर घमेलं रिकामं झालेलं असतं, नाहीतर सर म्हणतात राहू दे रे, चालतंय. मग बॉक्सच नाही म्हटल्यावर कोच बॉक्सबाहेर आहे हे अंपायर तरी कशावरून ठरवणार? टेप नसेल तर फाउल लाइनपासून पाच लांब ढांगा टाका, साधारण 15 फूट होतात. पूर्ण बॉक्स जमत नसेल तर किमान दोन रेषा तरी मारा, एक फाउल लाइनच्या बाजूची आणि एक होम प्लेटच्या बाजूची, कारण सगळी भांडणं याच दोन रेषांवरून होतात.

नियम असा आहे की बॅटने मारलेला बॉल कोचला पास होऊन जाईपर्यंत कोचने बॉक्सपेक्षा होम प्लेटच्या जास्त जवळ उभं राहायचं नाही, आणि बॉक्स आणि फेअर टेरिटरीच्या (दोन फाउल लाइनमधल्या मैदानाच्या) मधल्या पट्ट्यातही यायचं नाही. यावर लगेच कोणीतरी म्हणणार, अहो पण एमएलबीत (अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये) तर सगळे कोच एक पाय बाहेर टाकून उभे असायचे, त्यांना कोण विचारायचं. बरोबर आहे, कारण ती वर्षानुवर्षांची सवय होती आणि समोरच्या मॅनेजरने तक्रार केली नाही तर अंपायर सहसा तिकडे बघायचा पण नाही. पण म्हणून नियम नाहीच असं समजणं हीच मोठी चूक. एकदा तक्रार झाली की अंपायरला तो कडकपणे लावावाच लागतो, आधी कोचला वॉर्निंग देऊन बॉक्समध्ये परत जायला सांगणार आणि तरी साहेब हलले नाहीत तर मॅचमधून बाहेर. आणि तक्रार करणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा, मग तोच कडकपणा दोन्ही टीमच्या कोचना लागतो, तेव्हा हात वर करायच्या आधी आपला माणूस कुठे उभा आहे ते एकदा बघून घ्या.

समोरची टीम तक्रार का करते? तर कुठला बॉल टाकायचा हे कॅचर पिचरला बोटांच्या साइनने सांगतो, आणि पुढे सरकलेल्या कोचला ती बोटं दिसू शकतात. एमएलबीत 2022 पासून पिचकॉम हे साइन पाठवायचं यंत्र आल्यामुळे बरेच साइन बटणावर जातात, पण आपल्या ग्राउंडवर कॅचर अजून मांड्यांच्या मधे बोटंच दाखवतो.

दुसरं कारण सरळ जिवाचं आहे. होम प्लेट ते बेस अंतर 90 फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरच्या आतबाहेर. ताशी 160 किलोमीटरने मारलेली लाइन ड्राइव्ह (जमिनीला जवळजवळ समांतर सुसाट जाणारा बॉल) हे अंतर साधारण 0.6 सेकंदात कापते, आणि तुम्ही पुढे सरकलेले असाल तर तेवढा पण वेळ नाही. 22 जुलै 2007 ला अमेरिकेत टल्सा ड्रिलर्स या मायनर लीग टीमचे फर्स्ट बेस कोच माइक कूलबॉ मॅच चालू असताना फाउल गेलेली लाइन ड्राइव्ह मानेला लागून वारले, आणि 2008 पासून एमएलबीत बेस कोचला हेल्मेट कंपल्सरी झालं. आपल्याकडे ज्युनियर मॅचला बऱ्याचदा एखाद्या राखीव पोराला "जा, फर्स्टला उभा राहा" म्हणून पाठवतात, तो टोपी उलटी घालून मोबाइलवाल्या मित्रांकडे बघत उभा. त्याला आधी हेल्मेट द्या आणि पिचर बॉल टाकताना नजर बॅटरवर ठेवायला सांगा, बाकीचे साइन वगैरे नंतर शिकवा.

आता उलटी चूक. काही कोच बॉक्सला इतके घाबरतात की बॉल आउटफिल्डला गेला तरी खिळल्यासारखे आतच. अरे, तेव्हा बाहेर यायला परवानगी आहे! आपल्या बेसवर प्ले होणार असेल तर स्लाइड कर, पुढे जा, मागे फिर हे सांगायला कोच बॉक्स सोडू शकतो, अट एकच, प्लेमध्ये अडथळा यायला नको. म्हणून चांगला थर्ड बेस कोच बॉल पास झाला की लाइनच्या बाहेरून होमच्या दिशेने थोडा पुढे जातो, म्हणजे सेकंडवरून सुसाट येणाऱ्या रनरला तो समोर दिसतो, मान वळवावी लागत नाही. थांबवायचं असेल तर दोन्ही तळहात समोर, स्लाइड हवी असेल तर हात जमिनीकडे दाबायचे, पळवायचं असेल तर हात गरागरा फिरवायचा. ओरडण्यावर फार विसंबू नका, गर्दीत ऐकू जात नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे हात लावणं. मागच्या सीझनला एका इंटर-कॉलेज मॅचला रनर थर्डवर वळून होमकडे निघाला होता, कोचला लेफ्ट फिल्डचा थ्रो येताना दिसला आणि त्याने पोराचा मागून टी-शर्टच धरला. पोरगं थांबलं, बेसवर परत आलं, टॅग (फिल्डरने हातातला बॉल रनरला लावणं) झालाच नाही, बाकावर सगळे टाळ्या वाजवतायत आणि अंपायरने मूठ वर करून आउट दिला. मग "अहो सर, टॅग कुठे झालाय" म्हणून बराच वेळ वाद, पण अंपायर शंभर टक्के बरोबर होता. कोचने रनरला धरून किंवा ढकलून बेसवर परत यायला किंवा बेस सोडायला मदत केली की रनर आउट, टॅगची गरजच नाही. नुसता धक्का लागला आणि त्यातून रनरला काही मदत झाली नाही तर ते अंपायरच्या जजमेंटवर. होमरननंतर टाळी दिली म्हणून कोणी आउट देत नाही, तेवढं बिनधास्त द्या.

थर्डवर रनर असताना आणखी एक अतिशहाणपणा चालतो, कोच स्वतःच बॉक्समधून होमकडे पळाल्यासारखं करतो, फिल्डर गोंधळून थ्रो करेल म्हणून. पकडलं गेलं तर त्यातही रनर आउट. तसंच पिचरचा बॉक (रनरला पुढचा बेस मिळवून देणारी पिचरची चुकीची हालचाल) व्हावा म्हणून मधेच "टाइम" ओरडणं, तेही चालत नाही.

बॉल अंगावर आला तर काय, यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फिल्डरचा थ्रो चुकून कोचला लागला तर बॉल चालूच राहतो, डेड होत नाही, पण आपल्याकडे दोन्ही टीम थांबून अंपायरच्या तोंडाकडे बघत बसतात आणि एखादा हुशार रनर तेवढ्यात पुढचा बेस घेऊन मोकळा होतो. कोचने मुद्दाम थ्रो अडवला तर मात्र ज्या रनरवर प्ले चालू होता तो आउट. आणि फाउल बाजूला उंच बॉल चढला, फर्स्ट बेसमन वर बघत तुमच्याच अंगावर येतोय, तर बॉक्स तुमचा असला तरी जागा त्याची, बाजूला व्हा. बॉल वर असताना कोचचीही मान वर असते, तोच घोळ होतो, म्हणून आधी फिल्डर बघा आणि ज्या बाजूने तो येत नाही तिकडे निघा. अडथळा झाला तर बॅटर आउट आणि बाकीचे रनर मागे.

बाकी किरकोळ. कोच दोनच, आणि ते टीमच्या युनिफॉर्ममध्ये, जीन्सवर शर्ट घालून आलेले काका थर्डपाशी उभे राहू शकत नाहीत, कितीही जुने खेळाडू असले तरी. पालक, राखीव पोरं, बॅगा सांभाळणारे सगळे डगआउटमध्ये, मग तो मांडव असो नाहीतर झाडाखालचा बाक. आणि ग्राउंड लहान असेल, फाउल लाइनच्या मागे लगेच भिंत किंवा पार्किंग असेल आणि 15 फूट निघतच नसतील, तर लाइनअप कार्ड द्यायला होम प्लेटपाशी जाता तेव्हाच अंपायरला आणि समोरच्या सरांना विचारून बॉक्स कुठे धरायचा ते ठरवून घ्या, आणि आपल्या दोन्ही कोचना तिथे नेऊन ती जागा दाखवा.